गिटारचा प्रीअँप बदलला: वर्षभर स्टेजवर वाजवल्यानंतर

घरी सुरेल वाजणारी गिटार जॅक लावला की पत्र्यासारखी होते, ही तक्रार असणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझी ड्रेडनॉट (मोठ्या पेटीची अकूस्टिक गिटार), स्प्रूस लाकडाच्या टॉपची, मध्यम किमतीची. बाजूला चौकोनी भोक पाडून बसवलेला प्रीअँप (गिटारचा सिग्नल मिक्सरला देण्याजोगा करणारं सर्किट), त्यात चार बँडचा इक्यू म्हणजे सूर कमी-जास्त करायची बटणं, आणि ट्यूनर फॅक्टरीतूनच आलेला. भावगीतांच्या कार्यक्रमांत साथ करतो, त्यामुळे फिंगरपिकिंग आणि स्ट्रमिंग दोन्ही लागतं. पिकिंगला आवाज चालून जायचा. जोरात स्ट्रोक मारला की मात्र तो चिरका, प्लास्टिकचा 'क्वॅक' यायचा.

यामागचं कारण समजून घेतलं तर खरेदी सोपी होते. सॅडल म्हणजे ब्रिजवरची, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी. तिच्याखालचा पिकअप, म्हणजे तारांची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग, पिएझो असतो: दाब पडला की व्होल्टेज काढणारा. त्याचा इम्पिडन्स (विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध) फार जास्त असल्यामुळे पुढे मेगाओममधलं (दहा लाख ओमच्या घरातलं) इनपुट लागतं. तोच पिकअप थेट मिक्सरच्या दहा किलोओमच्या लाइन इनपुटला जोडला, तर खालचे सूर गळून जातात. प्रीअँपचं पहिलं काम म्हणजे हे जुळवून देणं, इक्यूचं काम नंतरचं. शिवाय जोरदार स्ट्रोकला पिएझो क्षणभर मोठा व्होल्टेज काढतो. ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं सर्किट तिथे कापलं जातं, आणि बॅटरी उतरलेली असेल तर आणखी लवकर.

मी फिशमनचा मॅट्रिक्स इन्फिनिटी घेतला. आत साउंडहोलच्या काठाला व्हॉल्यूम आणि टोनची दोन चाकं, प्रीअँप एंडपिन जॅकमध्ये (पेटीच्या मागच्या टोकाला पट्टा अडकवायच्या खुंटीच्या जागी केबल जाते तिथे), सॅडलखाली नवा पिकअप. बाजूच्या त्याच भोकात बसेल असा प्रीअँप घ्यावा, असा विचार आधी होता. पण या भोकांचं माप कंपनीगणिक वेगळं असतं, आणि अर्धा मिलिमीटर जरी मोठं करायचं म्हटलं तरी करवत पातळ लाकडावरच चालवायची. ते नको वाटलं. भोकावर कारागिराकडून शिसवीची पट्टी बसवून घेतली. जवळून दिसते, दिसू दे.

बसवण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते फरकाचं निम्मं श्रेय इथेच आहे. पिकअप दोन रुंदींत मिळतो, सुमारे २.४ आणि ३.२ मिमी. ऑर्डर देण्याआधी सॅडलची खाच मोजा. जुना पिकअप काढल्यावर खाचेच्या तळाशी लाकडाचा भुसा आणि गोंदाचे थेंब निघाले. पिएझो दाबावर चालतो. सॅडलचा बूड आणि खाचेचा तळ यांत कुठेही पोकळी राहिली की त्यावरची तार दबकी ऐकू येते. माझी पहिली तार कायम मागे पडायची, त्याचं कारण हेच. कारागिराने तळ साफ केला, सॅडलचा बूड काचेवर सॅंडपेपर ठेवून सपाट घासला आणि जुन्या-नव्या पिकअपच्या जाडीतला फरक त्याच घासण्यात काढला, म्हणून अॅक्शन (तारांची फ्रेटबोर्डपासूनची उंची) होती तशीच राहिली. सॅडल बोटांनी आत जायला हवं, हातोडीने नाही. एंडपिनचं भोक साधारण अर्ध्या इंचापर्यंत रुंद करावं लागलं.

आता आवाज. क्वॅक पूर्ण गेला नाही. सॅडलखालच्या पिएझोचा तो स्वभावच आहे. पण पूर्वी स्ट्रमिंग आलं की साउंडवाला फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) खाली ओढायचा, ते बंद झालं. सहाही तारा एका वजनात येतात. लांब केबलवरही वरचे सूर टिकतात. पिकिंगमध्ये बोटाचा आणि नखाचा फरक कळतो, जो आधी कळतच नव्हता.

गेलं काय, तर ट्यूनर. क्लिपचा घेतला. चार बँडचा इक्यूही गेला. फीडबॅक (स्पीकरचा आवाज परत गिटारमध्ये शिरून होणारी घूं) आला तर मिक्सरवर १०० हर्ट्झच्या आसपास कापायला सांगतो, कारण ड्रेडनॉटच्या पेटीतली हवा साधारण तिथेच घुमते. फीडबॅक थांबवायला साउंडहोलला लावायचं रबरी झाकण चाकांच्या आड येतं, हे साउंडहोलमधल्या चाकांच्या बहुतेक सिस्टिमना लागू. बॅटरी पेटीच्या आत, म्हणजे ती बदलायला तारा सैल करायच्या. म्हणून तारा बदलतानाच नवी घालतो. आणि कार्यक्रम संपला की केबल काढून ठेवा. केबल जॅकमध्ये गेल्यावरच बॅटरीचं सर्किट पूर्ण होतं, नुसती खोचून ठेवली तरी बॅटरी रात्रभर उतरत राहते.

खर्च मजुरी धरून गिटारच्या निम्म्या किमतीच्या घरात गेला. गिटार मुळात प्लग न लावता आवडत नसेल, तर हे पैसे नव्या गिटारमध्ये घाला. आवडत असेल, तर आधी नवी बॅटरी घालून एवढं तपासा: हळू वाजवल्यावर आवाज चांगला आणि जोरात वाजवल्यावर फाटतो, तर संशय प्रीअँपवर. एखादीच तार मागे पडते, तर सॅडल. दुसऱ्या प्रकारात निष्णात कारागिराकडे एक फेरी मारा, कदाचित प्रीअँप घ्यावाच लागणार नाही.