कार्गो-स्वीप: सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या लॅपटॉपची एसएसडी 256 जीबीची आहे आणि तिच्यावर रस्ट भाषेतले दहा-बारा प्रकल्प आहेत. एके दिवशी डिस्क भरल्यामुळे बिल्ड (कोडपासून चालवता येणारा प्रोग्राम तयार करण्याचे काम) मध्येच बंद पडले. पाहिले, तर बिल्डमध्ये तयार झालेल्या फाइली ज्यांत साठतात, त्या सगळ्या प्रकल्पांच्या 'टार्गेट' फोल्डरांनी मिळून 70 जीबीहून अधिक जागा व्यापली होती. तेव्हापासून मी कार्गो-स्वीप हे टार्गेटमधल्या जुन्या फाइली पुसणारे साधन वापरत आहे.

रस्टची स्थिर आवृत्ती दर 6 आठवड्यांनी येते. तिच्याबरोबर कंपायलर (कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) बदलला की सगळे क्रेट (रस्टमधील कोडची पॅकेजे) नव्याने कंपाइल होतात, मात्र आधीच्या कंपायलरने तयार केलेल्या फाइली रस्टचे बिल्ड साधन कार्गो स्वतःहून काढत नाही; क्रेटची आवृत्ती वाढवल्यावरही हेच होते. 2025 मधील 1.88 आवृत्तीपासून कार्गो आपोआप सफाई करू लागले हे खरे, पण ती होम फोल्डरमध्ये उतरवून ठेवलेल्या क्रेटच्या साठ्याची असते, टार्गेटची नव्हे.

कार्गोचीच 'कार्गो क्लीन' आज्ञा टार्गेटमधले सारेच पुसून टाकते आणि माझ्या सर्वांत मोठ्या प्रकल्पाचे बिल्ड पहिल्यापासून करायला 14 मिनिटे लागतात, त्यामुळे तो उपाय मला परवडत नव्हता. कार्गो-स्वीप निवडून पुसते. सध्या बसवलेल्या कंपायलरच्या फाइली ठेवून बाकीच्या पुसणारा त्याचा 'इन्स्टॉल्ड' पर्याय मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आज यंत्रावर नसलेल्या कंपायलरच्या फाइलींचा पुढे काहीच उपयोग नसतो. 'रिकर्सिव्ह' दिल्यास एकाच आज्ञेत सगळे प्रकल्प तपासले जातात आणि 'ड्राय-रन' दिल्यास काय जाणार ते आधी कळते. पहिल्याच वेळी 41 जीबी जागा मोकळी झाली आणि त्यानंतरचे बिल्ड काही सेकंदांत पूर्ण झाले.

ठरावीक दिवसांहून जुन्या फाइली पुसणारा 'टाइम' पर्याय मात्र जपून वापरावा. मी सुरुवातीला 7 दिवसांची मर्यादा ठेवली होती. दोन आठवड्यांच्या सुट्टीवरून परतलो, तर ठरलेल्या वेळी चाललेल्या सफाईत चालू प्रकल्पाच्या फाइलीही गेल्या होत्या. आता ती मर्यादा 30 दिवसांची आहे. साधन स्वतःहून चालत नाही, म्हणून क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीत) महिन्यातून एकदा त्याची नोंद करून ठेवली आहे.

सफाईइतकाच उपयोग मला डीबग माहिती (चुका शोधण्यासाठी बिल्डमध्ये जोडली जाणारी माहिती) कमी करण्याचा झाला. डेव्ह प्रोफाइलमध्ये (प्रोग्राम लिहितानाच्या बिल्डच्या सेटिंगमध्ये) 'डीबग' या पर्यायाला 'लाइन-टेबल्स-ओन्ली' हे मूल्य दिल्यावर टार्गेट पूर्वीइतके फुगत नाही. बॅकट्रेसमध्ये (प्रोग्राम कोलमडल्यावर दिसणाऱ्या फंक्शनांच्या यादीत) ओळींचे क्रमांक मिळतात, पण डीबगरमध्ये (चालत्या प्रोग्राममधल्या चुका शोधण्याच्या साधनात) चलांची मूल्ये पाहता येत नाहीत. ज्या प्रकल्पांत ती पाहावी लागतात, तिथे मी हा बदल केलेला नाही.