किडनी ट्रान्सप्लांट : पेशंटला पाच स्टार, डोनरला अडीच

धाकट्या भावाचं ट्रान्सप्लांट कोल्हापुरातच एका खाजगी हॉस्पिटलात झालं. किडनी आईची. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रार आहे आणि चेकअपला अजून तिथंच जायचंय.

पाच स्टार ट्रान्सप्लांटचं सगळं जुळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटर मॅडमसाठी. पुण्याला न्यायचं की इथंच करायचं यावर घरात पै-पाहुण्यांसकट सगळ्यांची मतं होती. मॅडमनी एका कागदावर क्रमच लिहून दिला : रक्तगट, एचएलए (दोघांच्या पेशी कितपत जुळतात ते), क्रॉसमॅच (भावाचं रक्त आईच्या पेशींवर हल्ला करतं का ते), मग आईचा डीटीपीए स्कॅन (कुठली किडनी किती काम करते) आणि सीटी अँजिओ (किडनीच्या रक्तवाहिन्या बघायला). क्रॉसमॅच निगेटिव्ह आली तर चांगलं, हे त्यांनी आधीच बजावलं होतं म्हणून बरं. नाहीतर रिपोर्टवर निगेटिव्ह वाचून वडिलांनी तिथंच बसकण मारली असती.

कागदपत्रांचं मात्र आधीपासून बघा. अवयव प्रत्यारोपणाच्या 1994 च्या कायद्यात आई-वडील, भावंडं, मुलं, नवरा-बायको जवळचे नातेवाईक धरलेत, 2011 च्या दुरुस्तीत आजी-आजोबा आणि नातवंडंही आली. आमचा चुलतभाऊ द्यायला तयार होता, पण चुलत म्हटलं की मंजुरी समितीपुढं जावं लागतं. आईचं तसं नव्हतं. तरी तिचं नाव आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरं, भावाच्या शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. मग वकील, स्टॅम्प पेपर, नोटरी. ज्यांच्या घरात डायलिसिस सुरू आहे त्यांनी हे आत्ताच उरकून घ्यावं.

मुलाखतीला आईला एकटीला आत घेतलं, आम्हाला बाहेर बसवलं. कुणी जबरदस्ती केली नाही ना, हे बघतात. आत काय विचारलं ते तिनं सांगितलं नाही. तिनं डॉक्टरांना काय विचारलं ते मात्र बाहेर आल्या आल्या सांगितलं : "वैरणीचा भारा कधी उचलू म्हटलं. दोन म्हैने न्हाई म्हणाले. म्हशींस्नी कोण सांगायचं?"

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. डावी किडनी घेतली, तिची शीर लांब असते म्हणून जोडायला सोपी. भावाला ती उजवीकडं ओटीपोटात बसवली आणि जुन्या दोन्ही आत तशाच ठेवल्या. वडील अजून गावभर "पोराला तीन किडन्या हैत" म्हणून सांगत फिरतात.

आता अडीच स्टारचं. भावाला वेगळी खोली, येईल त्याला मास्क, तासातासाला लघवी मोजून वहीत लिहायची. सिस्टर लोकांचं काम खरंच एक नंबर. आणि त्याच दिवशी त्याच हॉस्पिटलात किडनी काढून दिलेली आमची आई वरच्या मजल्यावर, जनरल वॉर्डात. तिच्या डिस्चार्ज कार्डावर टाके कधी काढायचे एवढंच. एक किडनी राहिल्यावर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, हे त्यावर नव्हतं. गुडघे दुखले की मेडिकलमधून गोळी आणायची सवय गावात कुणाला नाही? ओपीडीत मी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं : दर वर्षी बीपी, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ताची तपासणी) आणि लघवीतलं प्रोटीन तपासायचं. मग हेच छापून द्यायला काय हरकत आहे? फाईल भावाच्या नावावर, त्यामुळं आईला दाखवायचं तर नवीन केसपेपर आणि परत रांग. जिची किडनी घेतली तीच तिथं नवी पेशंट.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किडनी ट्रान्सप्लांटची मर्यादा 2023 मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख केली आहे. पण हॉस्पिटल ट्रान्सप्लांटसाठी योजनेच्या यादीत आहे का, ते पहिल्याच भेटीत विचारा. आणि शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट या गोळ्या कायमच्या, तो महिन्याचा खर्च वेगळा धरून ठेवा.

डाएटवाल्या मॅडमही चांगल्या. भाऊ गंगावेशीत दूध कट्ट्यावर उभ्या उभ्या धारोष्ण ग्लास मारणारा गडी. त्याला "कच्चं बंद, उकळून कितीही प्या" एवढंच सांगितलं, भाषण दिलं नाही. ऐकतोय सध्या.

टॅक्रो लेव्हलचं (रक्तात टॅक्रोलिमस किती आहे ते बघायचं) रक्त सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं असतं, त्यामुळं गोळी खिशात घेऊन जा. आणि शनिवारी जाऊ नका. आमचा रिपोर्ट सोमवारशिवाय हातात पडत नाही, तोवर डोस बदलायचा का ते कुणी सांगत नाही.