वायोमिंगची रांग की न्यू मेक्सिकोची सोडत?

टेक्सासात राहून सरकारी जंगलात एल्क या मोठ्या हरणाची शिकार करायची तर राज्याबाहेर जाणं आलंच, आणि राज्याबाहेर पाऊल टाकलं की आपण ‘नॉन-रेसिडेंट’, म्हणजे पंगतीत शेवटी बसणारे. टॅगसाठी, म्हणजे एक जनावर मारायच्या परवान्यासाठी, वर्षं नि पैसे वायोमिंगात घालवावेत की न्यू मेक्सिकोत, असं दोन मित्रांनी एकाच महिन्यात विचारलं, म्हणून लिहितो. दोन्ही राज्यांत मी अर्ज भरलेत आणि दोन्हीकडे एकेकदा टॅग लागलाय.

वायोमिंग म्हणजे रांग. वर्षाला एक प्रेफरन्स पॉइंट मिळतो, एल्कसाठी ५२ डॉलर भरून. परराज्यातल्यांच्या वाट्याचे ७५ टक्के टॅग जास्त पॉइंटवाल्यांना जातात, उरलेल्या २५ टक्क्यांची चिठ्ठी निघते. ऐकायला न्याय्य वाटतं. पण रांग मागे सरकते. माझे दोन पॉइंट होते तेव्हा जनरल टॅगला, म्हणजे बऱ्याच भागांत चालणाऱ्या परवान्याला, तीन पुरतील असा अंदाज होता. तीन झाले तर म्हणे चार हवेत. कमी थांबायचं असेल तर स्पेशल दराची वेगळी खिडकी आहे, २०२४ पासून १,९५० डॉलर. आमच्या घरी तो आकडा मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. शिवाय दोघांनी मिळून अर्ज केला तर पॉइंटची सरासरी काढतात. माझे चार, मेव्हण्याचं शून्य, म्हणजे दोघांचे दोन. मेव्हण्याला घरी ठेवून मी एकट्यानेच अर्ज भरला, त्याचे टोमणे अजून ऐकतोय.

न्यू मेक्सिकोत पॉइंटची भानगडच नाही. दरवर्षी सगळ्यांची पाटी कोरी. मात्र ८४ टक्के टॅग राज्यातल्या लोकांना, १० टक्के नोंदणीकृत आउटफिटरशी, म्हणजे शिकारीची सोय करणाऱ्या व्यावसायिकाशी, करार करणाऱ्यांना, आणि आपल्यासारख्या स्वतःच्या पायावर जाणाऱ्या परराज्यातल्यांना ६ टक्के. एखाद्या हंटला ५० टॅग असतील तर आपल्या वाट्याला ३. म्हाडाच्या सोडतीत अर्ज भरलेल्यांना हे दुःख समजावून सांगायला नको.

एक गोष्ट मात्र नवखे हमखास विसरतात. तिथे सोडतीत तुमचा अर्ज वर आला की तुम्ही भरलेले शिकारीचे तिन्ही पर्याय तिथल्या तिथे तपासले जातात, मगच पुढच्याचा अर्ज उघडतो. त्यामुळे तिसरा पर्याय नावापुरता भरू नका. माझी चार वर्षं कोरडी गेली आणि पाचव्या वर्षी टॅग लागला तो तिसऱ्या पर्यायावर, मझल-लोडरचा, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायच्या बंदुकीचा. नशीब म्हणा.

कागदावर वायोमिंगच बरं दिसतं, निदान आज ना उद्या नंबर लागेल असं तरी वाटतं. मीही तसंच सांगत होतो, तिथल्या डुबॉइस गावाच्या वरच्या डोंगरात जाईपर्यंत.

ऑक्टोबरची सुरुवात होती. पहाटे चढत चढत वॉशकी वाइल्डरनेसच्या, म्हणजे रस्ते-गाड्यांशिवाय राखलेल्या जंगलाच्या, हद्दीपाशी पोचलो. झाडाला ठोकलेली लाकडी पाटी, तिच्यावर रात्रीचं दव गोठलेलं. पाटीपलीकडे फार तर दोनशे पावलांवर, स्प्रूसच्या झाडीत नर ओरडला. शिट्टीसारखा वर चढत गेलेला आवाज, शेवटी घोगरा होऊन तुटला. खिशात टॅग होता, पाच वर्षांचे पॉइंट मोडून घेतलेला. आणि मी पाटीच्या अलीकडे. वायोमिंगचा नियमच असा की परराज्यातल्याला फेडरल वाइल्डरनेसमध्ये बिग गेमची, म्हणजे एल्कसारख्या मोठ्या जनावरांची, शिकार करायची तर परवानाधारक गाइड हवा, नाहीतर त्यासाठी मोफत परवाना काढलेला तिथला रहिवासी. हिंडा, तंबू ठोका, मासे धरा, कोणी विचारत नाही. एल्कमागे मात्र एकट्याने जायचं नाही. काळजीपोटी म्हणावं, तर मासे धरणाऱ्याला अस्वल खात नाही का?

नियम मला ठाऊक नव्हता असं नाही. पण नकाशावरची रेघ वेगळी आणि पलीकडून एल्क ओरडत असताना तिच्यापाशी उभं राहणं वेगळं. तासभर तिथेच बसलो. नर दोनदा आणखी ओरडला, दर वेळी जरा लांबून.

न्यू मेक्सिकोत मला टॅग लागला तो गिलाच्या भागातला. १९२४ साली जगात सगळ्यात आधी वाइल्डरनेस म्हणून राखलेलं जंगल ते हेच, आणि तिथे आत शिरायला सोबत कोणी लागत नाही. पाठीवर तंबू, खांद्याला बंदूक, पाँडेरोसाच्या झाडांतून सहा दिवस हिंडलो. चौथ्या दिवशी नर समोर आला आणि मी नेम चुकवला. ते माझं मी.

आता, तुमचा कोणी जिवलग वायोमिंगात राहत असेल आणि तुमच्यासाठी सुट्टी काढणार असेल, तर वरचं सगळं विसरा. तुम्हाला वाइल्डरनेस नसलेल्या भागातच जायचं असेल तरीही हा जाच नाही. दिवाळीला गावी कधी जायचं हे दोन-तीन वर्षं आधी ठरवणाऱ्यांनाही रांगच सोयीची पडेल. पैसे दोन्हीकडे अर्जाबरोबरच पूर्ण भरावे लागतात, तेव्हा कार्डाची मर्यादा आधी बघून ठेवा.

मेव्हण्याचे आता तीन पॉइंट झालेत. सलग दोन वर्षं अर्जही नाही आणि पॉइंटही घेतला नाही, तर साठलेले सगळे जातात, म्हणून तो दर ऑक्टोबरात वायोमिंगला ५२ डॉलर धाडतो. आणि मार्चमध्ये माझ्या शेजारी बसून न्यू मेक्सिकोचा अर्ज भरतो.