एसएलआर, इन्सास, एके आणि सिग 716: काट्यावरचं वजन आणि हातातलं वजन

आमच्या गोव्यातल्या अस्नोड्याच्या मैदानावर पहाटे भरतीची तयारी करणारी पोरं धावायला येतात. धावून झालं की माझ्याजवळ येऊन बसतात आणि हमखास विचारतात, "काका, सगळ्यांत हलकी रायफल कुठली?" मोबाईलवर त्यांनी आकडे वाचलेले असतात आणि ते चुकीचेही नसतात. पण फौजेतल्या 24 वर्षांच्या नोकरीत ज्या रायफली मी खांद्यावर वागवल्या, त्यांचं हातातलं वजन त्या आकड्यांवरून कधीच कळलं नसतं. म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. यातली एकही आपल्याला परवान्यावर मिळत नाही, 7.62 आणि 5.56 मिलिमीटर हे आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीचे व्यास आहेत. तुलनाही एकेक गोळी झाडण्यापुरतीच आहे.

सुरुवात एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफलपासून. 1996 साली बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये कोतच्या, म्हणजे शस्त्रागाराच्या खिडकीतून बट नंबर (दस्त्यावरचा रायफलीचा नंबर) सांगून ती पहिल्यांदा हातात घेतली. रिकामी सुमारे 4.3 किलो, लांबी जवळजवळ 1.14 मीटर. पहिल्या आठवड्यात माझं खांद्याचं हाड काळंनिळं पडलं होतं. तरीही ही रायफल मला आजही सगळ्यांत समतोल वाटते. तिचं कॅरिंग हँडल मुठीत धरा आणि हात सैल सोडा. नळी खाली झुकत नाही, दस्ताही खाली जात नाही. हँडल बरोबर तोलावर बसवलंय. आमचे उस्ताद जुने, एसएलआरच्या आधीच्या .303 रायफलीवर तयार झालेले. ते म्हणायचे, "तोल शस्त्र हा हुकूम उगाच नाही, रायफल तोलावर धरली तर अर्धी होते." रात्रभर चालताना हे पटतं. आमचे आजोबा सांगायचे, गोवा मुक्तीच्या वेळी, 18 डिसेंबर 1961 ला थिवीकडे निघालेले जवान त्यांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिले, आणि सगळ्यांच्या रायफली एका रेषेत आडव्या हलत होत्या. त्या .303 होत्या. ते बोलणं मला बेळगावला समजलं.

एसएलआरचा कॉकिंग हँडल, म्हणजे गोळी चढवायचा खटका, डावीकडे, म्हणजे उजवा हात मुठीवरून हलवावा लागत नाही. सेफ्टी उजव्या अंगठ्याखाली. नळीच्या वर गॅस रेग्युलेटर असतो, पुढची गोळी चढवायला किती गॅस वापरायचा ते ठरवणारा, आणि त्याच्याकडे दुर्लक्ष केलं तर काय होतं ते मी तिसऱ्याच रेंजला पाहिलं. गॅस जितका बाहेर सोडाल तितका खांद्याला धक्का कमी, म्हणून मी तो भरपूर उघडून ठेवला होता. पहिली गोळी गेली आणि दुसरी चढलीच नाही. प्रत्येक गोळीला हाताने कॉक करत बसलो. उस्तादांनी शेजारी लोळून रेग्युलेटर एकेक खाच बंद करत आणला, रायफल न अडता चालू लागल्यावर आणखी दोन खाचा बंद केल्या आणि म्हणाले, "आता धूळ गेली तरी चालेल." धक्का वाढला, पण पुढे त्या रायफलीने मला कधी दगा दिला नाही.

मग इन्सास आली, 5.56 ची भारतीय रायफल. कागदावर 4.15 किलो. पोरांना इथेच धक्का बसतो: इतकी नवी, गोळी इतकी लहान, आणि एसएलआरपेक्षा जेमतेम दीडदोनशे ग्रॅम कमी? हो, तेवढाच फरक. एकट्या रायफलीचा विचार केला तर 5.56 साठी ती जड आहे, हे माझं स्पष्ट मत. पण खरा फरक पाऊचमध्ये आहे. एसएलआरच्या शंभर गोळ्या साधारण 2.4 किलो, इन्सासच्या शंभर साधारण 1.2. कंबरेवरचं ओझं निम्मं झालं, आणि चढावर गुडघ्यांना ते पहिल्या तासात कळतं. लांबी 96 सेंटिमीटर, त्यामुळे झाडोऱ्यात नळी अडकत नाही. धक्का इतका हलका की गोळी सुटल्यावरही टारगेट साईटमधून हलत नाही. नवशिक्याला नेमबाजी शिकवायची असेल तर मी इन्सासच देईन.

एके. आम्ही सगळ्यांनाच एके-47 म्हणतो, पण बऱ्याच एकेएम, म्हणजे तिची सुधारलेली आवृत्ती असतात. रिकामी 3.1 किलो. त्यात तीस गोळ्यांचं लोखंडी मॅगझिन चढवलं की आठशे ग्रॅम वाढतात, तेही बरोबर मध्यावर. त्यामुळे छातीवर आडवी लटकवून दिवसभर फिरलं तरी ती मानेला ओढत नाही. रजौरीच्या नाल्यांतून मी दोन वर्षं अशीच वागवली. दोन गोष्टी मात्र सोसाव्या लागतात. सेफ्टीचा पत्रा उजवीकडे, लांब, आणि खाली करताना खटकन वाजतो. शांत रात्री तो आवाज फार मोठा. आम्ही तो चिमटीत धरून, बाहेर किंचित ओढून, श्वास रोखून खाली आणायचो. दुसरी गोष्ट म्हणजे दोन साईटमधलं अंतर कमी, म्हणून तीनशे मीटरवर नेम धरताना एसएलआरचा भरवसा तिच्यात नाही.

सिग 716 माझ्या वाट्याला शेवटचे काही महिनेच आली. 2019 मध्ये 72,400 रायफलींचा करार झाला आणि त्या उत्तरेकडच्या युनिटांना आधी मिळाल्या. गोळी पुन्हा एसएलआरचीच, 7.62 गुणिले 51, पण रायफल चार किलोच्या आत. तिची सगळ्यांत मोठी सोय म्हणजे मागेपुढे सरकणारा दस्ता. हिवाळ्यात जाड कोटावरून एसएलआर खांद्याला लावली की दस्ता लांब पडायचा, मान पुढे ताणावी लागायची. सिगचा दस्ता दोन खाचा आत ढकलला की गाल आपोआप जागेवर येतो. हे सुख ज्याने बर्फात पहारा दिलाय त्यालाच कळेल. सेफ्टी अंगठ्याशी, मॅगझिनचं बटण तर्जनीशी, मुठीवरची पकड सुटत नाही.

पण तिच्यावर वस्तू लावायला जागा आहे, आणि जागा दिसली की माणूस लावतो. दुर्बीण, टॉर्च, पुढची मूठ, भरलेलं मॅगझिन, असं करत ती पाच किलोच्या घरात जाते. शिवाय त्यातलं बरंच वजन पुढे, डाव्या हातावर. उभ्याने नेम धरला की दहाव्या सेकंदाला नळी थरथरू लागते. मी टॉर्च आणि पुढची मूठ काढून कोतमध्ये जमा केली होती. फक्त दुर्बीण ठेवली, आणि रायफल पुन्हा मॅगझिनच्या जरा पुढे तोलायला लागली.

पोरांना सांगतो, नाल्यात आणि झाडीत जायचं असेल तर एके, उघड्या डोंगरधारेवर दूरचं बघायचं असेल तर सिग, तीही मोकळी. एसएलआर आता तुम्हाला बहुधा मिळणार नाही. पण कोतमधून जी मिळेल तिला आधी एका बोटावर आडवी तोलून बघा, आणि बोट जिथे थांबेल तिथे डावा हात ठेवायची सवय लावा.