कॉमिक्समधला सरस खलनायक कोण, मिंग की मेकॉन?

इंद्रजाल कॉमिक्समुळे अंतराळात साहसं करणारा फ्लॅश गॉर्डन आपल्याकडच्या मुलांच्या हाती पडला, आणि त्याच्यासोबत मोंगो ग्रहाचा सम्राट मिंगही. ॲलेक्स रेमंडने त्याला १९३४ साली कागदावर उतरवलं: टक्कल, लोंबत्या मिशा, मानेमागे उभी राहणारी भलीमोठी कॉलर. हा चिडतो, फ्लॅशच्या प्रेयसीवर, डेलवर लट्टू होतो, फ्लॅशला आखाड्यात माकडमाणसांपुढे सोडतो. आणि पोटची पोर ऑरा त्याच फ्लॅशवर भाळते! खलनायक कसला, गावचा तिरसट पाटीलच. त्याच्या चेहऱ्यावर मात्र तेव्हाच्या अमेरिकेतल्या आशियाईद्वेषाची छाप आहे, ते आज खटकतंच.

मेकॉनचं तसं नाही. १९५० साली ब्रिटनमध्ये निघालेल्या 'ईगल' या कॉमिक साप्ताहिकात फ्रँक हॅम्पसनने आपल्या अंतराळवीर नायकासमोर, डॅन डेअरसमोर उभा केलेला हा शुक्रावरच्या ट्रीन नावाच्या जमातीचा सत्ताधीश. उभा कसला, बसलेलाच! हिरवं, भोपळ्याएवढं डोकं, खाली काडीसारखे हातपाय, आणि हवेत तरंगणारं आसन. त्याला ना थाटामाटाची हौस, ना बायकांची. समोरचा माणूस त्याच्या लेखी प्रयोगाचं साहित्य.

चित्रं बघत बसायची तर मिंगच. धडकी मात्र मेकॉनची भरते. मिंगची निदान खुशामत तरी करता येईल.