इन्फ्लुएन्सरला पैसे द्यावेत, की तक्रारींना उत्तरं देणारा माणूस नेमावा?

ब्रँड नवा आहे, पैसा मोजका आहे आणि सोशल मीडियावरून लोकांचा विश्वास कमवायचा आहे. अशा वेळी हे दोन पर्याय समोर असतात.

लवकर ओळख हवी असेल तर इन्फ्लुएन्सर उजवा. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या लॉर्ड अँड टेलर या कपड्यांच्या दुकानसाखळीने ५० फॅशन इन्फ्लुएन्सरना एकच ड्रेस घालून इन्स्टाग्रामवर फोटो टाकायला लावले. ड्रेस हातोहात संपला. मात्र त्यासाठी पैसे मिळालेत, हे पोस्टमध्ये कुठेच नव्हतं. पुढच्याच वर्षी फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांच्या हिताकडे पाहणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, कंपनीवर ग्राहकांची दिशाभूल केल्याचा ठपका ठेवला. विक्री झाली म्हणजे विश्वास बसला असं नाही, हे इथे स्पष्ट दिसतं.

उत्तरं देण्याचं काम संथ आहे, आणि त्याचा परिणाम आकड्यांत पकडणंही अवघड. तरी माझा कौल त्यालाच. तक्रार करणारा एक असतो, पण कंपनी काय म्हणते हे अनेक जण गुपचूप वाचत असतात आणि खरेदीचा निर्णय तिथेच घेतात. त्यामुळे ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे छापील वाक्य सगळ्यांना चिकटवण्यापेक्षा काय चुकलं, आता काय करणार आणि कधीपर्यंत, एवढं लिहा. ऑर्डर क्रमांक, फोन नंबर इनबॉक्समध्ये मागा. काम झालं की त्याच कमेंटखाली येऊन सांगा. हे शेवटचं बहुतेक ब्रँड विसरतात. टीका पुसून टाकू नका, तिचे स्क्रीनशॉट आधीच फिरू लागलेले असतात.

वेळेचंही भान हवं. २००९ मध्ये डॉमिनोजच्या दोन कर्मचाऱ्यांनी खाद्यपदार्थांशी केलेल्या किळसवाण्या प्रकाराचा व्हिडिओ यूट्यूबवर आला. कंपनीच्या अमेरिकेतल्या व्यवसायाचे प्रमुख पॅट्रिक डॉयल यांनी यूट्यूबवरच माफी मागितली. जागा योग्य निवडली, पण तोवर तो व्हिडिओ लाखो वेळा पाहिला गेला होता.

वस्तू वापरून दाखवल्याशिवाय कळत नसेल, उदाहरणार्थ लिपस्टिकची शेड किंवा कॅमेऱ्याची लेन्स, तर मात्र इन्फ्लुएन्सर हवाच. फॉलोअर कमी असले तरी चालतील, विषयाचा जाणकार निवडा. वस्तू काही आठवडे वापरायला द्या. जाहिरात असल्याचं ठळक सांगायचं आणि खटकलेली गोष्टही बोलायची, हे करारातच लिहा. तो तयार नसेल तर त्याला घेऊ नका.