कप सामने: ऑटो-कप योजना की सुटं तिकीट?
इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये सीझन तिकीट (घरच्या मैदानावरच्या लीग सामन्यांचं हंगामभराचं तिकीट) काढूनही अनेक क्लबांत एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेचे पैसे वेगळे मोजावे लागतात. चाहते चिडतात ते इथेच, आणि त्यांचं बरोबर आहे.

ऑटो-कपमध्ये घरच्या मैदानावरचा कप सामना ठरला की कार्डावरून पैसे आपोआप कापले जातात. नेहमीची खुर्ची पक्की, पण समोर कोण, कुठल्या वारी, दर किती, हे कळण्याआधीच होकार दिलेला असतो. सुट्या तिकिटात हात मोकळा राहतो. खालच्या विभागातला संघ आला तर दर बरेचदा उतरतात. मोठा संघ आला की तिकिटासाठी झुंबड.

बाहेरच्या मैदानावर जाणाऱ्या चाहत्यांच्या तिकिटाला प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल लीगमध्ये, असलेली 30 पौंडांची मर्यादा कपमध्ये लागूच नाही.

एकही फेरी न चुकवणाऱ्यानं ऑटो-कप घ्यावं. मुलांना घेऊन जाणाऱ्यानं सुटंच, कारण ऑटो-कपमध्ये चार तिकिटांचा भार एकदम पडतो.